धाकलीआत्याची पाच माणसं

"बंद कर! बंद कर तो डबा! माझी मानसा रस्त्यान चुकतील रं!"

धाकलीआत्या दोन्ही हात वर करून ओरडत होती आणि डीजेवाल्या बबनला वाटत होतं, म्हातारी रंगात आलीय. त्याने खूश होऊन आवाज आणखी वाढवला. माझ्या चुलतभावाची हळद होती. दिवेलागणीची वेळ. स्पीकरच्या धडधडीने मांडवाची झालर थरथरत होती, आचाऱ्याच्या पातेल्यातली डाळ पळी न लावता ढवळली जात होती, आणि शेजारच्या गाळ्यातल्या कारागिराला आपला कापड विणायचा लूम ऐकू येईना म्हणून त्याने बंद पडला समजून त्याला दोनदा तेल पाजलं होतं. म्हातारीने काष्टा घट्ट खोचला, स्पीकरांच्या भिंतीमागे शिरली आणि हाताला लागली ती पहिली वायर उपटली. अर्ध्या कामतघरचे दिवे गेले. बरं, अर्ध्या नाही, आमच्या मांडवाचे गेले. पण गेले.

"ओ आजी, काय झालं?" बबन अंधारातून म्हणाला.

"तू कोनाला बोलवतस?"

"मी कुनाला नाय बोलवत. गानी लावतोय."

"मंग गप बस. मी मानसा बोलवतंय. आधी मानसा येतील, मंग गानी."

"अजून कुठली मानसं? दोन पंगती उठल्या जेवून!"

"ही आली ती रिक्षानी आली. माझी लांबनं येतान. त्यांना ऐकू जावाला नको?"

बबनने माझ्याकडे बघितलं. मी वर मांडवाच्या छताकडे बघितलं. धाकलीआत्याच्या आणि त्या माणसांच्या मध्ये पडायचं नाही, हे भिवंडीच्या आमच्या कामतघरात मूलसुद्धा बोलायला लागायच्या आधी शिकतं.

तिचं वय पंच्याहत्तरच्या पुढे आणि नाव धाकली. चार बहिणींतली शेवटची, म्हणून धाकली. थोरल्या तिघी एकेक करून गेल्या, तरी हिची बढती झाली नाही. उंचीला माझ्या खांद्याला लागायची, पण आवाज असा, की तिने आमच्या अंगणातून हाक मारली तर पलीकडच्या नारपोलीचा माणूस 'ओ' द्यायचा आणि चपला शोधायला लागायचा.

ती धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो घड्याळ बघत येतो. धवलारीण आधीपासून आलेली असते. लग्नाचे धवळे गायचे, देवांना आवतण द्यायचं, घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवायचं, हे तिचं काम. आजा, पणजा, लहानपणी गेलेली आत्या, सगळ्यांना. ती बोलावणार, मग हळद लागणार. हे आमच्याकडे सगळीकडेच. पण धाकलीआत्या घरची पितरं बोलावून झाली की थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि मग आणखी पाच नावं घ्यायची. लग्न कुणाचंही असो, पाटलाचं असो की भोईराचं, ही पाच नावं ठरलेली. ती गावातून लढाईवर गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची होती.

मी एकदा तिला विचारलं होतं, "आत्या, ही आमच्या घरची नाहीत. यांना आमच्या लग्नात कशाला?"

"घरान मेला त्याला घराची वाट ठावं असते," ती म्हणाली. "लढाईत मेला त्याला सांगवी लागते."

म्हणून ती नुसतं नाव घ्यायची नाही. वाट सांगायची.

पांडू आणि जोमा हे सख्खे भाऊ, पहिल्या मोठ्या लढाईतले. आमची माणसं खाडीवरची, होडी हाकण्यात पटाईत. सरकारने त्यांना तिकडे इराकात, बसऱ्याच्या नदीत होड्या हाकायला नेलं. दोघांच्या हातात वल्हं होतं, बंदूक बहुतेक कधीच आली नाही. हिरा दुसऱ्या लढाईत बर्माच्या रानात गेला. बाळाराम पासष्टला पंजाबात. आणि पाचवा काथोड, तो एकाहत्तरचा. पहिली तीन नावं धाकलीआत्याला सासूने दिली होती, पुढची दोन तिने स्वतः जोडली. गावात त्यांच्या नावाचा दगड नव्हता, फोटो नव्हता, कुठे रस्ता नव्हता. ती पाच माणसं फक्त एका म्हातारीच्या तोंडात राहत होती.

आणि वाट अशी सांगायची:

"पांडूदादा ये, जोमादादा ये, बसऱ्याच्या पान्यातून ये. खाडीला भराव घातलाय, दादा, काठ शोधू नका. होडी पुलाच्या खांबाला बांधा. वर चढा. सायजिंगची चिमनी दिसंल, ती डाव्या हाताला टाका. हिरादादा, तू वड शोधू नको, वड तोडला. तिथं मोबाइलचा टावर हाय, त्याच्या बुडाशी वळ…"

वड तुटला त्या वर्षी तिने वडाऐवजी टॉवर घातला. बायपास झाला तेव्हा बायपास घातला. लूमच्या गाळ्यांनी तळ्याकडची पायवाट बुजवली, तेव्हा तिने चार दिवस डोकं लावून मशिदीच्या मागून नवी वाट काढली. तुळशीचं लग्न जवळ आलं की लगनसराईच्या आधी ती पाहणीला निघायची. वर्षभरात कुठे काय बांधलं, काय पाडलं, कुठे भिंत आली, सगळं चालून बघायची. गावच्या नकाशात काय चुकलंय ते नगरपालिकेला कळायच्या आत धाकलीआत्याला कळायचं. मी तिच्या शेजारी राहायचो आणि सायझिंगमध्ये, म्हणजे लूमच्या सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कारकुनी करायचो, म्हणजे सकाळी मला काही काम नसतं असा तिचा समज होता. "थापाड्या, चल," म्हणायची. मला गावात ह्याच नावाने ओळखतात. का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

एकदा पाहणी वळ गावापर्यंत गेली. हिरा पूर्वेकडून येणार, तो वळच्या शेतांतून चालत येणार, असा तिचा हिशोब होता. जाऊन बघतो तर शेतं नाहीत. जिथे नजर जाईल तिथे गोडाऊनची पत्र्याची छपरं, आणि एका गोडाऊनच्या मागे आणखी सात. पायवाटेच्या तोंडावर लोखंडी गेट, गेटला वॉचमन. म्हातारी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"ओ भैया, लगनसराई में इधर से मेरे आदमी जाएंगे. रोकने का नहीं."

"कितने आदमी हैं, माताजी?"

"चार. और एक का पक्का नहीं."

"माल-सामान?"

"काय नहीं. खाली हात आएंगे."

"गेट पे नाम लिखवाना पड़ेगा." त्याने रजिस्टर उघडलं. तिने नावं सांगितली, त्याने लिहिली. पांडू, जोमा, हिरा, बालाराम. "कौनसी कंपनी के?"

म्हातारीने माझ्याकडे बघितलं.

"फौज के," मी म्हणालो.

"रिटायर?"

"हां हां," धाकलीआत्या म्हणाली, "सब रिटायर."

वॉचमनने रजिस्टर मिटलं. "फौजी को मैं नहीं रोकता. मेरा छोटा भाई भी है फौज में."

"क्या नाम उसका?" तिने लगेच विचारलं, आणि नाव ऐकायला कान पुढे केला.

"अरे, ज़िंदा है, माताजी!"

"अच्छा है, अच्छा है," ती घाईघाईने मागे सरली. "तो मेरे को नाम नको सांगू."

येताना फाट्यावर ती म्हणाली, "त्याला आठवन ऱ्हाईल ना रं? वाचमन बदलतान." मग आठवडाभर तिच्या डोक्यात तेच. नवा वॉचमन आला तर? हिरा गेटवर उभा राहिला तर?

तिची काळजी ही अशी होती. तुमच्या-आमच्या काळज्या जिवंत माणसांच्या. हिला मेलेली माणसं वेळेवर पोचतात की नाही ह्याची काळजी. आणि त्या पाचांत चौघांची मिळून जेवढी, त्याच्या दसपट एकट्या काथोडची.

कारण काथोड मेला होता की नाही, ते पक्कं नव्हतं.

एकाहत्तरच्या लढाईत तो सीमेवर होता. लढाई संपली, लोक परतले, काथोड आला नाही. कागद आला. कागदावर 'बेपत्ता' लिहिलेलं. पोस्टमन मऊ मनाचा माणूस. काथोडच्या बायकोने, जमुनाकाकीने, "बेपत्ता म्हंजे?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "म्हणजे, वहिनी, पत्ता लागत नाही."

"मंग लागंल," जमुनाकाकी म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

तेव्हापासून ती पत्ता लागायची वाट बघत होती. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. तिचा मुलगा भरत मोठा झाला, जमीन विकून चार पैसे आले, त्याने जुन्या घराच्या जागी तीन मजले चढवले. पण काकीने दार हलवू दिलं नाही. "तो आला तर दार कया शोधंल?" त्यामुळे आमच्या गल्लीत तुम्हाला संगमरवराची बिल्डिंग दिसेल, वर काचा, बाल्कनीला स्टीलचे कठडे, आणि खाली मधोमध एक काळं, किडकं, वाकून आत जायचं लाकडी दार. भरत पाच फूट अकरा इंच. वीस वर्षं रोज त्याच्या डोक्याला टेंगूळ यायचं. त्याचं कपाळ बघून वार सांगता यायचा.

आता मांडवात पितरांना बोलावताना धाकलीआत्या पांढरे तांदूळ टाकायची. एकेक नाव, एकेक चिमूट, केळीच्या पानावर. जिवंत पाहुण्यांना आवतण द्यायचं तर कुंकू लावलेले लाल तांदूळ. दोन वाट्या शेजारी शेजारी. काथोडची वेळ आली की तिचा हात पांढऱ्या वाटीवरून उठून लाल वाटीत जायचा आणि ती म्हणायची, "काथोडभावा, जिथं आसशील तिथनं ये." 'सरगातून' नाही. 'जिथं आसशील तिथनं.' एवढा फरक. हा फरक गावात तीन माणसांना माहीत होता: तिला, जमुनाकाकीला आणि मला. बाकीच्यांना डीजे होता.

भरतला आईचं हे वाट बघणं पटत नव्हतं. त्याला वाटायचं, बाप देशासाठी गेला, तर गेला असं छाती काढून म्हणावं. एका पंधरा ऑगस्टला त्याने गल्लीच्या तोंडाशी मोठं फ्लेक्स लावलं. 'आमचे अमर जवान.' ओळीने पाच नावं. आता फोटो कुणाचेच नाहीत. भरत फ्लेक्सवाल्याला म्हणाला, फौजी दिसतील असे टाक. फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरमधून काढून टाकले. पांडू-जोमा एकाच माणसाचे दोन फोटो होते, एक उलटा फिरवलेला. आणि बाळारामाच्या जागी एक गोरापान, निळ्या डोळ्यांचा, गालावर खळी असलेला परदेशी शिपाई. खाली 'शहीद बाळाराम, कामतघर'.

धाकलीआत्याने फ्लेक्सखाली उभं राहून त्या निळ्या डोळ्यांच्या शिपायाकडे बोट केलं.

"ह्यो कोन?"

"बाळाराम," भरत म्हणाला.

"बाळाराम माझ्या लग्नान नाचलाय. ह्यो न्हाय."

"अगं आत्या, फोटोच नाय त्याचा. कुनाला कळतंय?"

"ह्याच्या आयला कळंल," ती म्हणाली.

भरत हसला. ती हसली नाही. पुढच्या लग्नात बाळारामाचं नाव झाल्यावर तिने आणखी एक चिमूट उचलली आणि हळूच म्हणाली, "आनि तो गोरा, नाव ठावं न्हाय. तू बी ये. जेवून जा." मी विचारलं तर म्हणाली, "इथं टांगलाय त्याला. बोलवला न्हाय तर उपाशी ऱ्हाईल ना."

त्या फ्लेक्सवर पाचवं नाव काथोडचं होतं, 'शहीद' लावलेलं. दुपारी जमुनाकाकी स्टूल घेऊन आली. हातात विळा. कुणाला काही कळायच्या आत तिने ते नाव, फोटोसकट, चौकोनी कापून काढलं, घडी घातली आणि घरी गेली. भरत संध्याकाळी आला तेव्हा चार अमर जवान आणि एक भोक. महिनाभर ते तसंच होतं. वारा सुटला की त्या भोकातून शीळ वाजायची.

त्याच सुमारास धाकलीआत्या विसरायला लागली.

आधी छोटं. चिमणी उजव्या हाताला टाकली. मग एका लग्नात जोमाला दोनदा बोलावलं. मी मनात म्हटलं, भाऊच ते, समजून घेतील. पण एक दिवस सकाळी, मी दात घासत होतो तेव्हा, ती पडवीत येऊन उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते.

"थापाड्या, बर्मावाल्याचा नाव काय रं?"

माझ्या तोंडात पेस्ट. मी हसणार होतो, पण तिच्याकडे बघितलं आणि हसलो नाही.

"हिरा, आत्या."

"हिरा." तिने पदराला गाठ मारली. "हिरा, हिरा, हिरा. मना वाटला हरी. रातभर हरी हरी म्हनतंय, आनि कोन येईना."

मी म्हटलं, मी सगळं वहीत लिहून ठेवतो. वाटांसकट. तिने मान हलवली. "वहीत लिवलीस की मी मेल्यावर वही मिटून ठेवशील. मना शिकनारी पोर दे." मी तीन पोरींना विचारलं. एकीने कॉलेज सांगितलं, एकीने घसा सांगितला, आणि तिसरी म्हणाली, "काका, रेकॉर्ड करून मोबाइलवर टाका ना." धाकलीआत्याला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मोबाइलला नवीन वाट कोन सांगंल? दर वर्षी भिंती येतान."



आणि मग काथोडच्या नातीचं, भरतच्या वैशालीचं लग्न ठरलं.

धाकलीआत्याने अंथरूण धरल्यासारखं केलं. आजार काही नव्हता. भीती होती. दुसऱ्या कुणाच्या मांडवात हात चुकला असता तर एक वेळ चाललं असतं. पण हा काथोडच्या घरचा मांडव, आणि समोर जमुनाकाकी बसणार, कुंकू लावून. तिथे हात पांढऱ्या वाटीत गेला तर? भर मांडवात, नातीच्या हळदीत, त्या बाईला पस्तीस वर्षांनी आपण विधवा करणार! "मी न्हाय येत," ती म्हणाली. "दुसरी धवलारीण आना." पण जमुनाकाकी स्वतः बोलवायला आली, लाल तांदूळ घेऊन. नाही कसं म्हणणार?

हळदीच्या दिवशी तिने मला बोलावून काम दिलं. "माझ्या उजव्या हाताला बस. लाल वाटी तू धर. काथोडच्या वेली माझा हात दुसरीकडं जावाला लागला तर कोपर मार. जोरान मार. लाजू नको."

कोपर मारण्याचं काम माझ्यासारख्याला शोभणारं होतं. मी हो म्हणालो. दिवसभर मी कोपराचा सराव केला. दोन पाहुणे विनाकारण दुखावले.

मांडव असा, की काय सांगू! तीन हजार माणूस. बरं, चारशे. बबनचा डीजे, आता चार पट मोठा. शेजारी दोन्ही बाजूंना लूमचे गाळे, तेही चालू. धाकलीआत्या पानापुढे बसली. तिचे ओठ हलत होते, पण मला शेजारी बसूनसुद्धा शब्द ऐकू येत नव्हता. मला बरं वाटलं. म्हटलं, चुकली तरी कुणाला कळणार नाही. समोर जमुनाकाकी, मांडीवर हात ठेवून, तिच्या ओठांकडे बघत होती.

आणि लाइट गेली.

त्या वर्षांत लोडशेडिंग होतं, रोज जायची. पण रोज जाते तेव्हा आपण घरात असतो. त्या दिवशी सगळं एका क्षणात थांबलं: डीजे, पंखे, दोन्ही गाळ्यांतले लूम, पलीकडचे लूम, सायझिंग, सगळं भिवंडी शहर. मी माझ्या जन्मात कामतघर एवढं गप्प ऐकलेलं नाही. चारशे माणसं गप्प झाली. आणि त्या शांततेत एकच आवाज राहिला.

"…होडी पुलाच्या खांबाला बांधा. वर चढा…"

लोकांनी माना वळवल्या. मी खोटं बोलत नाही. खोटं बोलायचं असतं तर इथे बोललो नसतो. गेली पंधरा वर्षं ह्या मांडवांतून जेवून गेलेल्या माणसांनी ती नावं पहिल्यांदा ऐकली. पांडू. जोमा. एक म्हातारा पाटील पुढे सरकून बसला. बबन हेडफोन गळ्यात घेऊन उभा. हिराला टॉवरपाशी वळायला सांगितलं तेव्हा दोन-तीन माणसांनी खरोखर मागे वळून टॉवरकडे बघितलं. वळच्या गेटचं सांगितलं. "वाचमन इचारंल, रिटायर हाय म्हना." कुणी हसलं नाही. बाळाराम. मग तो गोरा, नाव ठावं न्हाय. कुठलंच नाव चुकलं नाही, कुठलीच वाट चुकली नाही. तिचा आवाज पंचविशीतल्या बाईचा झाला होता. मी ऐकत होतो. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकत होतो, नुसता ऐकत, तोंड उघडं टाकून.

"काथोडभावा, सरगातून ये."

तिचा हात पांढऱ्या वाटीत होता.

माझं कोपर माझ्याच मांडीवर होतं. मी विसरलो होतो.

चिमूट पानावर पडली. पांढरी. बाकीच्यांच्या ओळीत, त्या गोऱ्याच्या शेजारी. धाकलीआत्याने पुढचा धवळा धरायला श्वास घेतला, आणि मग तिला माझ्या हातातली लाल वाटी दिसली. भरलेली. तिने पानाकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. श्वास तसाच राहिला.

"जनरेटर!" भरत ओरडला. "अरे जनरेटर लावा कुनीतरी!"

जनरेटर लागला, दिवे आले, बबनने काय सुचेल ते लावलं, पोरं नाचायला लागली. ह्या सगळ्यात मी जमुनाकाकीकडे बघायचं धाडस केलं. ती जागेवरच होती. पानाकडे बघत होती. मग उठली आणि नातीला हळद लावायला गेली, कारण पहिली हळद लावायचा मान तिचा होता.

धाकलीआत्या त्यानंतर कुठल्याच मांडवात बसली नाही. पुढच्या पावसाळ्यात गेली. ते मी सांगत बसत नाही. तिच्यानंतर लग्नं झाली, पुष्कळ झाली, लाइटही आता जात नाही. नावं कुणी घेत नाही. मला येतात, वाटासुद्धा येतात, निदान त्या वर्षापर्यंतच्या. पण विचार करा: पाच माणसं परमुलखात मेली, आणि त्यांचा एकुलता एक साक्षीदार उरला तो मी, ज्याच्या निम्म्या गोष्टींवर गावात कुणी विश्वास ठेवत नाही. मी उद्या कुणाला सांगितलं की जोमा नावाचा माणूस बसऱ्याच्या नदीत वल्हं मारताना मेला, तर तो म्हणेल, थापाड्या, आज काय पिऊन आलास? कधी कधी सकाळी दात घासताना मी स्वतःच थांबतो. हिराच ना? हरी तर नाही? विचारायला शेजारी कुणी नाही.

मला तिचं शेवटचं आठवतं ते लग्नाच्या तिसऱ्या दिवसाचं. दोन दिवस ती जेवली नव्हती. सकाळी येऊन म्हणाली, "मना जमनीकडं ने." दहा पावलांवर जमुनाकाकीचं घर, पण तिला एकटीला जाववेना. मी बरोबर गेलो. कोपर माझंही होतं.

मांडव सोडत होते. त्या काळ्या दारापुढे जमुनाकाकी बसून आचाऱ्याची पातेली राखेने घासत होती. मी सगळ्यात आधी तिच्या कपाळाकडे बघितलं. कुंकू होतं. बांगड्या होत्या. मला कशाचाच अर्थ लावता येईना. धाकलीआत्या दोन हातांवर थांबली. पदराच्या टोकात काहीतरी घट्ट धरलं होतं. ते लाल तांदूळ होते.

"जमने," ती म्हणाली. एवढा मोठा तिचा आवाज, पण मला जेमतेम ऐकू आला. "माझा हात चुकला गो. वय झाला. मना ठावं न्हवता, दिवा गेला, सगली गप झाली, आनि माझा हात… मना मार, शिव्या दे, काय पन कर. पुढल्या लग्नान मी त्याला परत लाल्यान घेतंय. पहिल्यासारका. तू सांग फकस्त."

जमुनाकाकीने हातातलं पातेलं फिरवलं, आतून बघितलं, आणि बादली ओतून विसळलं.

"ऱ्हाऊ दे पांढऱ्यानच," ती म्हणाली. "पाय सरकव, पानी येतंय."